बर्फीची दवाई

१७ सप्टेंबर २००२, मंगळवार

माझ्या लेकाच्या, राजीवच्या, मोबाइलच्या कंपनीने वाटलेली ही डायरी जानेवारीपासून टीव्हीखाली धूळ खात पडली होती. सृष्टी म्हणाली, आजी, तू लिही. मी म्हटलं, चौथी पास बाई मी, काय लिहू? तर म्हणे, "जो दिल में आए." माझ्या नातीचं मराठी असं अर्ध्या वाटेत उतरून हिंदीच्या गाडीत बसतं. पण लिहिते. सकाळी तिघं आपापल्या वाटेनं गेली की घरात मी आणि कुत्री. कुत्रीशी मी मराठीत बोलते. ती उलट बोलत नाही, तेवढ्यापुरती घरच्यांपेक्षा बरी.

तिचं नाव बर्फी. राजीवचा साहेब सिंगापूरला गेला. जाताना फ्रिज विकला, सोफा विकला, आणि ही कुणी घेईना म्हणून आमच्या गळ्यात मारली. पॉमेरियन की काय म्हणतात ती जात. आली तेव्हा कापसाचा गठ्ठा होता. आता पाठीवर केस नाहीत, शेपटी उंदराची, दिवसभर खाजवते आणि खपल्या सांडते. बर्फीला बुरशी लागली, असं मी म्हटलं तर विनया हसली नाही. आमची सून ऑफिसात हसते, घरी दमलेली असते.

आज कल्पनाजी वर आल्या. घर त्यांचं. खाली त्या, वर आम्ही भाड्यानं. त्यांच्या मुलीचं लग्न मलमास, म्हणजे आपला धनुर्मास, संपला की जानेवारीत. पाहुणे घरीच उतरणार. म्हणाल्या, "माताजी, बुरा मत मानना. गेट पर ऐसी खुजली वाली कुतिया देखेंगे तो समधी क्या सोचेंगे? संक्रांत तक ठीक हो गई तो रहे. नहीं तो कहीं और भेज दीजिए."

राजीव लगेच "जी, बिल्कुल". त्याची मान कल्पनाजींसमोर स्प्रिंगवर असते. फरीदाबादच्या पुढं त्याच्या मित्राचं फार्महाऊस आहे, तिथं सोडू म्हणाला, राखणीला. ही राखण करणार! कबुतराला घाबरून पलंगाखाली जाते. सृष्टी रडत आत गेली. आपल्या उपयोगाचं नाही ते शहराबाहेर पोचवायचं, ही इथली दिल्लीची पद्धत मी पाच वर्षं बघतेय. मी म्हटलं, थांबा, मी बरी करते हिला. राजीव म्हणाला, "आई, तुला काय कळतं कुत्र्यातलं?"

म्हणून करणार आहे. कुत्रीसाठी नाही.

१९ सप्टेंबर, गुरुवार

रिक्षात घालून जनावरांच्या दवाखान्यात नेली. डॉक्टर बाई निघाली. विजयालक्ष्मी नाव, तिकडची दक्षिणेची. तिचं हिंदी माझ्याहून वाईट, त्यामुळे आमचं चांगलं जमलं. तिनं कातडं खरवडून काचेवर घेतलं, यंत्राला डोळा लावून पाहिलं. किडा नाही, बुरशीही नाही. माझा विनोद फुकट गेला.

"खाने को क्या देते हो?"

म्हटलं, दूध-पोळी, वरणभात.

"अंडा? मीट? फिश?"

ते कुठून देणार? कल्पनाजींच्या घरात कांदासुद्धा दबकत येतो. घर घेतानाच राजीवनं शब्द दिलाय, मास-मच्छी नाही, अंडं नाही. वर्षातून एकदा तो आम्हाला हॉटेलात नेतो. तिथं लाल रंगात बुडवलेला कसला तरी तुकडा आणून ठेवतात, त्याला मासा म्हणायचं.

बाई म्हणाली, तुम्ही शाकाहारी का? मी म्हटलं, मी रेवदंड्याची. तिला कळलं नाही. म्हटलं, "समुंदर." मग हसली. "मैं भी समुंदर. फिर इधर क्या कर रही हो?"

नातीला सांभाळायला आणलं होतं. नात आता मलाच सांभाळते.

औषध दिलं, मासळीच्या तेलाच्या गोळ्या. रोज एक, जेवणावर फोडून घालायची. मी शहाणपणा केला, म्हटलं सृष्टीला लहानपणी तसल्याच पिवळ्या गोळ्या देत होते, त्या चालतील का? तर म्हणाली ते माशाच्या काळजाचं तेल, ते कुत्र्याला रोज घातलं तर अंगात साठून बाधतं. हे अंगाचं तेल, निराळं. आणि दोन महिने धीर धरा, केस काही रात्रीत येत नाहीत.

निघताना माझा हात धरून उलटा केला. भेगा, सालं सुटलेली. "ये कब से?" म्हटलं, दिल्लीचं पाणी. तिनं हात सरळ करून सोडला. जनावरांची डॉक्टर, तिला माणसांचं काय कळणार.

२० सप्टेंबर, शुक्रवार

टाचणीनं गोळी फोडली आणि हसू आलं. हे तर तारल्यांचं तेल! आमच्याकडे तारल्या, वीतभर मासळी ती, उकळून त्यांचं तेल काढायचे नि होडीला फासायचे, लाकूड कुजू नये म्हणून. ज्या वासाला आमच्या काकूने नाक मुरडून जन्म काढला, तो इथं बाटलीत भरून, वर इंग्रजीत लिहून विकतात.

फोडली ती बागेत. घरात आणणार नाही. राजीवनं दिलेला शब्द म्हणजे माझाही शब्द. बाटली त्याच्या जुन्या स्कूटरच्या डिकीत ठेवलीय. गाडी घेतल्यापासून स्कूटर गेटाबाहेर कव्हर घालून उभी असते. संध्याकाळी बर्फीला बागेत न्यायचं, डब्याच्या झाकणात दहीभात, वर तेल. कुत्रीनं झाकण चाटून इतकं लख्ख केलं की कामवाली लाजेल.

बोटाला राहिलेलं तेल कोपराला पुसलं. वाया कशाला घालवा.

२४ सप्टेंबर, मंगळवार

एका गोळीनं दोन महिने, तर दोन गोळ्यांनी एक महिना. माझा हिशेब सरळ होता, कुत्रीचं पोट वाकडं निघालं. कल्पनाजींच्या पांढऱ्या संगमरवरी पायऱ्यांवर वरपासून खालपर्यंत रांगोळी. मीच बादली घेऊन बसले. अम्माजी खुर्ची टाकून बघत होत्या. अम्माजी म्हणजे कल्पनाजींच्या सासूबाई. खालच्या मजल्यावर कोपऱ्यातली खोली त्यांची, खुर्ची कायम उन्हाच्या मागं फिरते. मला बंबईवाली म्हणतात. रेवदंडा मुंबई नाही हे सांगून दमले.

"ओ बंबईवाली, दवाई ज़्यादा दे दी?"

"ज़रा सी."

"भूखे को एकदम से पूरी थाली नहीं देते."

मला शिकवतात. चार पोरं वाढवली मी. पण उद्यापासून एकच.

६ ऑक्टोबर, रविवार

फरक शून्य. उलट कानामागंही टक्कल पडलं. आज राजीवनं विचारलं, "काय म्हणते तुझी पेशंट?" म्हटलं, तुझ्यापेक्षा केस जास्त आहेत तिला. त्यानं डोक्यावरून हात फिरवला. पण मित्राला फोन केलाय त्यानं, मी ऐकलं. "जानेवारीत आणून सोडतो," म्हणाला. जणू पार्सल.

कल्पनाजी जिन्यात नाक वर करून उभ्या होत्या. "माताजी, कुछ महक आ रही है न?" मी म्हटलं, कुत्रीचं तोंड आहे, गुलाबपाणी कुठून येणार. खालून अम्माजी ओरडल्या, "नाली की है, बहू! कब से कह रही हूँ, अथॉरिटी वालों को फ़ोन कर!" तर कल्पनाजी फोन करायला गेल्या. म्हातारीचं नाक गेलेलं दिसतंय. माझ्या पथ्यावर पडलं.

१२ ऑक्टोबर, शनिवार

बर्फीनं आज झाकणाला तोंड लावलं नाही. हुंगलं, माझ्याकडे बघितलं नि पाठ फिरवली. मी गोळी फोडून हुंगली. खवट. नुसती खवट नाही, विटलेली. धावत डॉक्टरीणबाईकडे. तिनं विचारलं, बाटली कुठं ठेवता? स्कूटरच्या डिकीत म्हटल्यावर तिनं कपाळाला हात लावला. "अम्मा! धूप में? ये तेल है, अचार नहीं. फ्रिज में रखो. नहीं तो ज़हर समझो."

म्हणजे इतके दिवस खवट तेल घालत होते. तारलीचं तेल उन्हात टिकत नाही, हे मला कळू नये? होडीला लावायचं तेल घरामागं सावलीत, ओल्या पोत्याखाली ठेवायचे, हे डोळ्यांनी बघितलंय मी. दिल्लीत येऊन डोकंही उन्हात ठेवलं होतं.

नवी बाटली घेतली. सृष्टीला सांगितलं तर म्हणाली, "आजी, खवट मतलब?" म्हटलं, तुझ्या बापाचा चेहरा कल्पनाजी भाडं वाढवतात तेव्हा होतो तसा. तिला लगेच कळलं.

फ्रिजचं काय करावं? आमच्यात ठेवली तर शब्द मोडतो. विनयाला विचारून पाहिलं. ती म्हणाली, "आई, प्लीज, घर बदलायची ताकद नाही माझ्यात." खरं बोलली. हे घर शोधताना किती दारं बंद झाली मलाही आठवतं. "महाराष्ट्रियन? नॉन-वेज खाते हो?" आणि कडी.

१४ ऑक्टोबर, सोमवार

सुचलं. अम्माजींच्या खोलीत त्यांचा स्वतःचा छोटा फ्रिज आहे. कल्पनाजी लग्नाकार्यात बाहेर कांदा-लसूण खातात, म्हणून त्यांच्या स्वयंपाकघरातलं काही अम्माजींना चालत नाही. दूध वेगळं, दही वेगळं, गंगाजल, डोळ्यांत घालायचं औषध, सगळं त्या फ्रिजात. उभ्या सेक्टरात एवढा सोवळा फ्रिज नसेल. तिथं कोण शोधायला जाणार?

आणि शब्द दिलाय तो वरच्या मजल्याचा. अम्माजींच्या खोलीचा शब्द कुणी दिलाय?

बाटलीवरचा कागद पाण्यात भिजवून काढला. माशाचं चित्र होतं. बाटली स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात घातली नि खाली गेले. म्हटलं, बर्फीची दवाई आहे, थंड जागा हवी, आमच्या फ्रिजात जागा नाही.

"क्या है इसमें?"

"दवाई."

त्यांनी डब्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग बर्फीकडे, ती जमिनीवर पाठ घासत होती. बराच वेळ बघत बसल्या. म्हातारपणी असं होतं, माणूस कुठं बघतं ते विसरतं.

"दवाई है न? तो दवाई है. आगे मत बता."

म्हटलं, बरं.

"रख दे. और रोज़ तू ही आकर निकालना, मेरे हाथों में दम नहीं."

भोळी आहे बिचारी. तिच्या भोळेपणाचा फायदा घेतला हे वर आल्यावर जरा टोचलं. पाप लागेल का? लागलं तर कुत्रीला लागू दे, तेल ती खातेय.

२ नोव्हेंबर, शनिवार

परवा दिवाळी. विनयाला एक दिवस सुट्टी, चकल्या विकतच्या. मी करते म्हटलं तर म्हणाली हात बघा तुमचे, भाजणी जाईल भेगांत. बोलते कमी, पण बघते.

रोज दुपारी अम्माजींकडे जाते. डबा काढते, गोळी घेते, डबा ठेवते. मग त्या बसवून घेतात. दोघी उन्हात बसतो. आज अक्रोड फोडत होत्या, दरवाज्याच्या फटीत धरून कटाकट. हातांत दम नाही म्हणे! आळशी आहे म्हातारी, दुसरं काही नाही.

गंगाजलाचा गडू फ्रिजातून काढून देव्हाऱ्यापाशी ठेवलेला दिसला. विचारलं तर म्हणाल्या, "दिवाली है. भगवान के पास अच्छा लगता है."

बर्फी कमी खाजवते का? की मला तसं वाटतंय? काल रात्री एकदाही खरखर ऐकू आली नाही. मी मुद्दाम जागी नव्हते, झोप येत नाही म्हणून.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

पाठीवर लव आली!

आधी वाटलं पीठ सांडलंय. हात फिरवला तर मऊ. चष्मा लावून खिडकीत नेली. बारीक, पांढरी, नवजात पोराच्या टाळूवर असते तशी. खपल्याही गेल्या. सृष्टी शाळेतून येईपर्यंत कुणाला सांगावं कळेना, म्हणून खाली गेले. अम्माजींनी बर्फीला मांडीवर ओढलं. त्या कुत्र्याला शिवत नव्हत्या आजवर, शिवल्या तर अंघोळ. बोटांनी चाचपून बघितलं. म्हणाल्या, "वाह रे समुंदर."

हे मधेच समुद्राचं काय? म्हटलं, अम्माजी, ठीक हैं न? म्हणाल्या, "मैं तो ठीक हूँ. तू अपने हाथ देख. एक गोली तू भी खा लिया कर." मी म्हटलं, कुत्र्याची दवाई मी खाऊ? तर हसत सुटल्या. वय झालंय.

दही हल्ली रोजच्या रोज विरजतात नि दुपारीच संपवतात. म्हटलं, फ्रिजात ठेवा की, आंबट होईल. तर म्हणाल्या थंडीत गारठा घशाला चालत नाही.

८ डिसेंबर, रविवार

डॉक्टरीणबाईनं तपासलं. खूश झाली. म्हणाली आता बंद करू नका, थांबवलंत तर पुन्हा तेच. ह्या कुत्रीला पोटातूनच तेल लागतं, जन्मभर द्यावं लागेल म्हणा. हे राजीवला सांगितलेलं नाही. एका वेळी एक बातमी.

अम्माजींच्या डोळ्यांच्या औषधाची बाटली सुरईशेजारी वाटीतल्या पाण्यात ठेवलेली दिसली. विसरभोळ्या होत चालल्यात. मी उचलून फ्रिजात ठेवायला गेले तर जोरात ओरडल्या, "रहने दे!" इतक्या जोरात की बर्फी पलंगाखाली गेली. मग सावरून म्हणाल्या, "पानी में ठंडी रहती है. देसी तरीक़ा." असेल बाई. मला राग आला, वर निघून आले. गोळी घ्यायची राहिली म्हणून पुन्हा खाली जावं लागलं. राग धरायचीही सोय नाही.

२५ डिसेंबर, बुधवार

दिल्लीत मेट्रो सुरू झाली. राजीव, विनया, सृष्टी बघायला गेले. मलाही म्हणाले चल, म्हटलं बर्फीला कोण बघणार? सगळी दिल्ली तिथं जमली होती म्हणे, आत शिरायलाच मिळालं नाही, बाहेरून रूळ बघून आले. आम्ही दोघी घरी बरं होतो. मी आणि कुत्री म्हणतेय. दुपारी तिघी. अम्माजींनी मटार सोलायला बोलावलं, बर्फीनं साली पळवल्या.

अम्माजींनी विचारलं, "तेरे यहाँ ये सब नहीं मिलता होगा, मटर-वटर?" म्हटलं, मिळतं. "और क्या मिलता है?" मी सांगत सुटले. सकाळी होड्या लागतात, टोपल्या उतरतात, ओरडाआरडा, मांजरं, बर्फ फोडतात. मग भान आलं की शाकाहारी बाईपुढं काय सांगतेय, गप्प झाले. त्या म्हणाल्या, "बोल न. सुनने में थोड़े ही कुछ लगता है."

५ जानेवारी २००३, रविवार

धुकं असं की समोरचं घर दिसत नाही. सूर्य रजेवर. बर्फीचे केस आता पाठीवर बोटभर, शेपटी पुन्हा झुबका. कंगवा फिरवला की चमक मारतात. राजीवसुद्धा म्हणाला, "यार, ही तीच आहे का?" पण पुढं लगेच, "तरी कल्पनाजी काय म्हणतात बघू." मित्राला नाही म्हणून अजून कळवलेलं नाही. संक्रांतीला कल्पनाजी ठरवणार. म्हणजे कुत्री आमची, केस मी आणले, नि निकाल त्यांचा.

११ जानेवारी, शनिवार



दुपारी गोळीसाठी खाली गेले. बर्फी बरोबर. मी फ्रिजकडे वळणार तेवढ्यात कल्पनाजी लाडवांची परात घेऊन आत आल्या. लग्नाची मिठाई यायला लागलीय, त्यांचा फ्रिज भरला. "मम्मीजी, थोड़ा आपके फ्रिज में रख दूँ, जगह है न?" आणि दार उघडलंच.

मी त्यांच्या मागं उभी होते. मीही आत बघितलं.

फ्रिज रिकामा होता.

दूध नाही, दही नाही, काही नाही. सगळे कप्पे धुतल्यासारखे. रोज मी फक्त दाराच्या कप्प्यात हात घालायचे, डबा घ्यायचे, दार लावायचे. आत कधी बघितलंच नव्हतं. अख्ख्या फ्रिजात माझा एक डबा.

गंगाजल, दही, डोळ्यांचं औषध, सगळं माझ्या डोक्यात एकापाठोपाठ एक आलं. म्हातारीला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तिनं आपला सोवळा फ्रिज सोडून दिला, आणि मी तिला भोळी लिहीत बसले.

कल्पनाजींनी डबा उघडला, बाटली काढली. "ये क्या है, मम्मीजी?"

अम्माजी म्हणाल्या, "मेरी है. घुटनों की दवाई."

"आपने बताया ही नहीं! आज की ली?" कल्पनाजी चांगल्या आहेत, सासूचं करतात. लगेच पेल्यात पाणी ओतलं, गोळी काढून सासूच्या तळहातावर ठेवली. "लीजिए, मेरे सामने लीजिए. आप भूल जाती हैं."

ज्या डब्याला अम्माजींनी आजवर बोट लावलं नाही, त्यातली गोळी त्यांच्या हातावर. त्यांनी पेला उचलला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. घेणार होत्या. मला ठाऊक आहे, घेणार होत्या.

मी त्यांच्या हातावरची गोळी उचलली नि पाण्याशिवाय गिळली.

"मेरी है," मी म्हटलं. "मेरी और कुतिया की. मछली का तेल है. अम्माजी को पता नहीं था."

कल्पनाजींनी बाटली टेबलावर ठेवली नि दोन्ही हात अंगापासून लांब धरले. मग बर्फीकडे बघितलं. बर्फी परातीकडे बघत होती, केस फुलवून, नवरीसारखी पांढरी. कल्पनाजी परात उचलून निघून गेल्या.

अम्माजी म्हणाल्या, "झूठी. मुझे पता था."

म्हटलं, "तुम्हीच तर म्हणालात, आगे मत बता." मराठीत बोलून गेले. त्यांना कळलं.

संध्याकाळी एक ढेकर आली, आणि रेवदंड्याचं अख्खं बंदर घशाशी. डोळ्यांत पाणी आलं. तेल उग्र असतं, येणारच.

१२ जानेवारी, रविवार

राजीवला सगळं सांगितलं. तो चिडेल वाटलं होतं. डोकं धरून बसला नि मग हसायला लागला. "अम्माजींच्या फ्रिजात? आई, अम्माजींच्या?" विनयाही हसली. घरी, सुट्टीच्या दिवशी. सृष्टीनं बर्फीला मिठी मारून ठेवलीय, सोडत नाही.

खालून काही निरोप नाही. बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून गेटाबाहेर कुंडीमागं ठेवलीय. थंडी एवढी आहे की बाहेरच फ्रिज झालाय.

१४ जानेवारी, मंगळवार

सकाळी कल्पनाजी वर आल्या. मी आधीच म्हटलं, शब्द मोडला, माझी चूक, मुलाला-सुनेला बोलू नका, बोलायचं ते मला बोला. त्या खुर्चीत बसल्या. बर्फी त्यांच्या पायाशी जाऊन बसली, अक्कल नाहीच तिला.

"माताजी, मम्मीजी ने दो रोज़ से मुझसे बात नहीं की," कल्पनाजी म्हणाल्या. "कहती हैं, कुतिया जाएगी तो मैं शादी में नहीं बैठूँगी."

मी बर्फीला हाक मारली, ती हलली नाही.

"फ्रिज मैंने धुलवा दिया. बिटिया के पापा को कुछ नहीं बताया, आप भी मत बताना. वो बोतल छत पर रखिए, पानी की टंकी के पीछे. होली तक तो ठंड है. उसके बाद देखेंगे." उठताना बर्फीच्या डोक्यावर एक बोट टेकवलं, तव्याचा चटका बघावा तसं. "और शादी के दिन इसको नहला के गेट पर बिठाना. अच्छी लग रही है."

राजीवनं फार्महाऊसवाल्याला लगेच फोन केला. स्प्रिंगची मान दोन्हीकडे हलते.

दुपारी खालून दह्याची वाटी आली. फ्रिजात लावलेलं, घट्ट, दात आंबणारं. म्हणजे म्हातारीनं फ्रिज पुन्हा मांडला. मी उभ्या उभ्या संपवलं. वाटी रिकामी कशी परत करायची? तीळ आणून ठेवले होते, गूळ होता. भेगांची फिकीर न करता लाडू वळले. टोचले नाहीत फारसे. थंडी कमी असेल आज.

वाटी घेऊन मी स्वतः खाली गेले. अम्माजींनी लाडू हुंगला, उलटासुलटा करून बघितला. "इसमें क्या है?"

"तिल. गुड़."

"और कुछ?"

"दवाई नहीं है."

खाल्ला. आज आमच्याकडे तिळगूळ देताना गोड बोलायला सांगतात. ते काही मी सांगितलं नाही. ह्या वयात आम्हा दोघींना जमायचं नाही.